धडा

सावद्याला वजनकाट्यावर रात्रपाळी.
दिल्लीच्या केळीचा ट्रक चढतो,
काचेवरचा आकडा थरथरतो, थांबतो,
मी पावती फाडतो.
पुढचा ट्रक येईपर्यंत
जगाच्या ज्ञानकोशात दुरुस्त्या करतो.

नाणं टाकून खेळायचे जुने गेम, सत्तावीस लेख,
कोणी सोपवले नाहीत, मीच घेतले.
कोणी साल चुकवतं, कोणी कंपनीचं नाव.
कोणी लिहितं, जगातला सर्वांत अवघड खेळ.
कोणाच्या जगातला? खोडतो.

एप्रिलपासून एक जण मागे लागलाय.
नाव नाही, नुसता आकडा.
लेखात आहे: खेळाडूला तीन जीव मिळतात.
तो येतो, तीनाचे चार करतो.
मी चाराचे तीन करतो,
खाली मूळ पुस्तिका जोडतो, पान सहा, आकृतीसकट,
आणि लिहितो, आपले संपादन उलटवण्यात आले आहे,
कृपया संदर्भ द्यावा.
कारणाच्या रकान्यात त्याचं एकच:
मी सोता खेयलो ना भो.

ना भो.
ट्रकवाला दोनदा हॉर्न देतो तेव्हा भानावर येतो.

फैजपूरच्या स्टँडमागे गफूर पिंजाऱ्याची खोली.
बाप तिथेच कापूस पिंजायचा.
पिंजण गेली, तिच्या खिळ्याला
गफूरने गल्ल्याची किल्ली टांगली.
मशीन एकच. विमानवालं.
नाव असणार वरच्या काचेवर,
पण काच तडकली म्हणून त्याने तिथे
बिडीचं कॅलेंडर डकवलेलं.
वीस वर्षांनी नाव वाचलं मी, तेही
विमान पडतानाच्या आवाजावरून ओळखून.

दांडा सायकलच्या ट्यूबने आवळलेला.
आधी डावीकडे वळायचाच नाही.
समोर डोंगर, विमान सरळ डोंगरात.
पहिला जीव असा जायचा,
माझा, वारक्यांच्या दिग्याचा,
फौजदाराच्या पोराचासुद्धा.
मग रबर तापायचं आणि दांडा ऐकायला लागायचा.
रुपया परत मागायला लागली पोरं
तेव्हा गफूरने मागची फळी काढली,
नखाने एक बारकं बटण खाली पाडलं,
म्हणाला, घ्या, चार. आता बोंबलू नका.

बारा वर्षं काट्यावर बसतोय,
आणि हे आज सुचलं.
भांड्यात तोलायचं तर आधी धडा करतात,
भांड्याचं वजन मालात धरत नाहीत.
चौथा जीव त्या दांड्याचा धडा होता.
खेळायला तीनच उरायचे.
म्हणजे पुस्तिका खरी.
आणि हा बिननावाचा, हाही खरा.

पण लिहू कुठे?
गफूरचं पान सहा नाही.
खोलीत मग रिचार्जचं दुकान आलं, तेही उठलं.
आपण पाहिलं हा पुरावा नव्हे,
हा नियम नव्या लोकांना मीच वाचून दाखवतो.
इथेही तेच. घरून मोजून आणलेत घड,
म्हणतात पाटील, शपथेवर.
मी म्हणतो, काटा सांगेल ते.

आज त्याने तीनदा चार केले.
मी तीनदा तीन.
दिवसात तीनदाच उलटवता येतं,
चौथ्यांदा बंदी. मलाही इथे तीनच जीव.
पावणेदोनला त्याने पुन्हा चार केले.
नियम त्याला ठाऊक नसावा.
तक्रार करायचं बटण माझ्यासमोर आहे,
गफूरच्या बटणाएवढंच बारकं.

ते दाबलं नाही.
चर्चापानावर गेलो, आपण-बिपण सोडून विचारलं,
सुरुवातीला दांडा कोणीकडे वळायचा नाही, सांग.

काट्यावर रावेरचा ट्रक. सोळा टन तीनशे वीस.
पावती दिली, परत येऊन पाहिलं.
उत्तर आलं होतं, एकच शब्द:
उजवीकडे.

उजवीकडे?
अरे डावीकडे. डावीकडे.
संदर्भ काय, विचारतोय तो मला.
मी टाइप करतोय:
मी सोता खेयलो ना भो.